शेपटीतली पुरचुंडी

विमान या वस्तूवर माझ्या आईचा राग होता आणि तो पोलादपूरच्या वर आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक होता. डोंगरावरून एखादं विमान घरघरत गेलं की बाकीच्या बायका कपाळावर हात धरून वर बघायच्या. आई मान खाली घालून गोवऱ्या थापत राहायची. "नेतंय मेलं, आनत नाय," एवढंच म्हणायची. माझा धाकटा भाऊ मस्कतला नोकरीला गेला, तेव्हापासूनचं हे. खरं तर तो दर दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा, म्हणजे विमान त्याला आणतही होतंच की. पण ते आईला पटवायचं कुणी? निघताना तो "विमान पकडायचंय" म्हणून घाई करायचा आणि येताना मुंबईहून एस्टीने येऊन फाट्यावर उतरायचा. त्यामुळे तिच्या हिशेबी आणते ती एस्टी आणि नेतं ते विमान. एस्टीबद्दल तिची कधी काही तक्रार नव्हती.

जाताना ती त्याला रिकामं मात्र कधी सोडायची नाही. खोबऱ्याची वाटी, घरचा मूठभर तांदूळ, सुपारी आणि एक नाणं खणाच्या तुकड्यात बांधून ती पुरचुंडी त्याच्या बॅगेच्या तळाशी सारायची. खणाचा तुकडा माझा. मी महाडला शिवणकाम करते, चोळ्या बेतून उरलेले तुकडे तिच्यासाठी राखून ठेवायचे. ही पुरचुंडी तिकडे उघडायची नाही, खायची नाही, तशीच परत आणायची, असा तिचा नेम. असला नेम वाडीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता, तो आईनेच काढलेला. भाऊ सुट्टीवर आला की चहाच्या आधी तिचा हात पुढे यायचा. मग तो तांदूळ त्या दिवशीच्या भातात आणि खोबरं वाटपात. तांदळाला टोके झालेले असायचे, खोबरं खवट असायचं, पण आम्ही मुकाट्याने जेवायचो. आमच्या घरात तिखट माणसं दोनच, आई आणि मी, आणि त्यात माझा नंबर दुसरा.

तिकडे मस्कतला भावाला एक नाद लागला. त्याच्या कंपनीतला एक साहेब सुट्टीच्या दिवशी वाळवंटात रिमोटवर चालणारी विमानं उडवायचा. खेळण्यातली नव्हेत हं, माणसाएवढी मोठी, पेट्रोलच्या इंजिनाची, आकाशात कोलांट्या मारणारी. भाऊ आधी सामान उचलायला म्हणून गेला आणि मग स्वतःच शिकला. तो सांगायचा तेव्हा मी म्हणायचे, बाबा रे, तिथे घाम गाळायला गेलास की पतंग उडवायला? तो नुसता हसायचा.

पुढच्या सुट्टीत एकदा आम्ही वाडीच्या अंगणात बसलो होतो आणि वरून विमान गेलं. आईने सवयीप्रमाणे आपलं वाक्य म्हटलं. भावाने हातातली भाकरी ताटात ठेवली आणि तिला विचारलं, "आये, जाऊन परत येनारं विमान तुला दाखवलं तर?"

आई म्हणाली, "दाखव. मंग बगू."

तिने ते सहज म्हटलं असेल. पण माझा भाऊ लहानपणापासून असाच, एक शब्द मनात धरला की धरला. त्याने विमान आणायला घेतलं, तेही अख्खं नाही, येईल तसं. एका सुट्टीत रिमोट आणि इंजिन आलं, घोंगडीएवढ्या जाड ब्लँकेटात गुंडाळून. दुसऱ्या सुट्टीत दोन पंख आले. ती सुट्टी नेमकी पावसाळ्यात पडली, तेव्हा पंख माझ्या घरी माळ्यावर चढले आणि मी त्यांच्यावरची धूळ पुसत दोन वर्षं काढली. तिसऱ्या सुट्टीत धड आलं. दिवाळी होऊन गेलेली, आभाळ मोकळं, सगळं जुळून आलेलं. महाडच्या माझ्या पडवीत आम्ही खोका उघडला आणि बघतो तर शेपूट चेपलेलं. वाटेत कुणीतरी त्यावर बॅगा रचल्या असणार. भाऊ खाली बसला तो उठेच ना. मी त्या अज्ञात हमालाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण त्याने शेपूट काही सरळ होईना.

शेवटी पोलादपूरच्या आमच्या ओळखीच्या सुताराकडे गेलो. त्याने सावरीच्या लाकडाच्या बारीक पट्ट्या काढून मोडक्या शेपटीबरहुकूम नवं शेपूट बांधून दिलं. काम सुरेख. सावर हलकी खरी, पण मूळ लाकूड त्याहून हलकं होतं, अगदी हातात घेतलं तर धरलंय की नाही असं वाटणारं. भाऊ म्हणाला, चालेल, वजनाचं नंतर बघू.

मग माझं काम आलं. या विमानांवर कापड नसतं, एक पातळ रंगीत प्लास्टिक असतं. एका अंगाला गोंद. इस्त्री फिरवली की ते चिकटतं आणि ढोलाच्या कातड्यासारखं ताणून बसतं. भावाने स्वतः सुरुवात केली आणि पहिल्याच झटक्यात भोक पाडलं. मी त्याच्या हातातली इस्त्री काढून घेतली. म्हटलं, रेशमी साड्यांना मी आयुष्यभर इस्त्री केली, तुझं हे प्लास्टिक काय घेऊन बसलास? कडेकडेने आधी चिकटवलं, मग मधे, वळणावर काप देऊन, बाहीला देतात तसे. एक सुरकुती राहिली नाही. भाऊ शेपटीवरून बोट फिरवत म्हणाला की साहेबाच्या विमानालाही असं बसलेलं नाही. तेव्हा मला जो काही आनंद झाला, तो लपवायला मी त्याला चहाची कपबशी उचलत नाही म्हणून ओरडले.

विमान जोडून झालं ते पडवी भरून. दोन पंख अॅल्युमिनियमच्या एका नळीवर दोन्हीकडून सरकवायचे आणि आतून स्क्रू आवळायचे. पाठीवर काचेची टोपी, ती काढली की आतली बॅटरी, तारा, पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला विमान वळवणारे पडदे असतात ते हलवणाऱ्या छोट्या मोटरी दिसायच्या. मग तोल बघायचा. पंखावर पुढच्या कडेपासून ठरावीक अंतरावर एक जागा असते. विमान बरोबर तिथे उचललं तर ते आडवं राहिलं पाहिजे, कावड खांद्यावर राहते तसं. नाक किंचित खाली गेलं तर चालतं. शेपूट खाली गेलं तर विमान वर जातं आणि मग ऐकत नाही, गरगरून पडतं. हे भावाने मला इतक्यांदा सांगितलं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

आम्ही झोपाळ्याची फळी काढली आणि त्याच्या कड्यांना माझ्याकडच्या घागऱ्याच्या रुंद नाड्या बांधल्या. पंखांवर मी टेलरच्या खडूने खुणा केल्या आणि तिथे नाड्या घालून विमान टांगलं. सोडलं मात्र, शेपूट धाडकन खाली आणि नाक वर. आमच्या थोरल्या नणंदबाई लग्नात बसल्या होत्या अगदी तशीच बैठक. नवीन शेपूट जड झालं होतं. भावाने बॅटरी पुढे सरकवली, तरी नाक उतरेना. मग इंजिनामागच्या पेटीत शिशाच्या पट्ट्या बसवत गेला, एक, आणखी एक, अर्धी. हळूहळू शेपूट उठलं. शेवटची पट्टी बसली आणि विमान पडवीत आडवं झालं, नाक इवलंसं खाली. आम्ही दोघं बहीणभाऊ त्याच्याकडे बघत राहिलो. मला त्याचं फार कौतुक वाटलं, विमानाचं आणि भावाचंही.

त्यानंतर रोज संध्याकाळी मागच्या अंगणात इंजिन चालवून बघायचं. तो पंखा फिरवणार आणि मी मागे शेपूट धरून ठेवणार, नाहीतर विमान कुंपणात जाईल. शेपूट हे माझं खातं झालं. ते उचलून मी ठेवायचे, पुसायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाही. शेजारणी हसायच्या. हसू देत.

सुट्टी संपत आली. उडवायचा रविवार ठरला आणि आईला वाडीवरून बोलावलं. ती आली, पण "मला नाय बगायचं, मी लेकीकडं आलेय" असं तिने आल्याआल्याच सांगून टाकलं. पडवीत विमान होतं, त्याच्याकडे पाठ करून बसली. आणि खरं सांगायचं तर मला धडकी भरली होती ती तिचीच. विमान उडालं नसतं तर भाऊ खट्टू झाला असता, पुढच्या खेपेला बघू म्हणाला असता. पण आईच्या डोळ्यांदेखत वर जाऊन ते खाली कोसळलं असतं तर? पोराच्या प्रत्येक प्रवासाला तिच्या डोळ्यांपुढे तेच पडलं असतं, जन्मभर. मी भावाला तसं म्हटलंही, की आधी एकदा तिच्या पाठीमागे उडवून बघ. तो म्हणाला, पहिल्यांदा उडेल ते तिच्यासमोरच. असा हट्टी.

रविवारी सकाळी आमच्या आळीतले टेम्पोवाले चाचा गाडी घेऊन दारात हजर. त्यांचे दोन्ही मुलगे कुवेतला, त्यामुळे या प्रकरणात त्यांना आमच्याइतकाच रस. त्यांनी हौद्यात गादी अंथरली होती आणि वर पांढरी चादर. पंख काढून वेगळे ठेवले, धड गादीवर निजवलं. आई येणार नव्हती ना? ती पदर खोचून सगळ्यांच्या आधी पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. मी काही बोलले नाही. बोलले असते तर उतरली असती.

शहराबाहेर औद्योगिक वसाहतीत नवे प्लॉट पाडलेले होते. कारखाना अजून एकही उभा नव्हता, पण मधून सरळसोट डांबरी रस्ता झालेला. भावाने तो हेरून ठेवला होता आणि चौकीत सांगूनही आला होता. गवत वाळून पिवळं झालेलं, वारा नाही. आम्ही विमान जोडलं. भावाने लांब चालत जाऊन रिमोट तपासला. पडदे हलत होते. टोपी बसवली, पेट्रोल भरलं. मी माझ्या जागी जाऊन शेपूट उचललं आणि तशीच थांबले.

मी म्हटलं, जड लागतंय.

भाऊ म्हणाला, ताई, काल संध्याकाळीच तर टांगून बघितलं, रात्रीत काय बाळसं धरलं त्याने? इंजिन सुरू करायच्या घाईत होता. मी म्हटलं, मला सांगू नकोस, इतके दिवस हे शेपूट माझ्या हातात आहे, माझ्या हाताला कळतं. तो म्हणाला की तू घाबरली आहेस म्हणून जड लागतंय. झालं. माझं डोकं फिरलं. मी शेपूट खाली ठेवलं, पंख्यापुढे जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि सांगितलं, "आधी उचलून दाखव. मग मला ओलांडून उडव काय ते."

चाचांनी एका बाजूने आणि भावाने दुसऱ्या बाजूने माझ्या खडूच्या खुणांखाली बोटं घातली आणि उचललं. शेपूट सपकन खाली गेलं. भावाच्या तोंडावरचा रंगच उडाला. त्याने विमान खाली ठेवलं. मग हलवून बघितलं. आत काहीतरी घरंगळलं.

टोपी काढली, चाचांनी शेपूट उंच धरलं, नाक खाली. धडाच्या पोटातून घसरत घसरत एक गाठोडं पुढे आलं आणि बॅटरीपाशी अडलं. हिरव्या खणाची पुरचुंडी. तो खण कुणाच्या चोळीतला, ते मी तिथल्या तिथे सांगू शकले असते.

आम्ही तिघांनीही टेम्पोकडे बघितलं. आई खाली उतरून दाराला टेकून उभी होती. तिने काहीच लपवलं नाही. सकाळी आम्ही पंख काढत होतो तेव्हा, टोपी उघडी असताना, जिथे माणूस बसतो तिथेच ठेवली होती, असं म्हणाली. मागे जाईल हे तिला काय ठाऊक. विमान गादीवर निजलं, रस्त्यात खड्डे लागले आणि पुरचुंडी गेली शेपटीत.

भावाने तिला शांतपणे सांगायचा प्रयत्न केला, की आये, हिच्यामुळे विमान पडलं असतं. आईने मानच हलवली. पुरचुंडीने कुणी पडत नसतं, इतकी वर्षं तू पडलास काय, असं विचारलं. तो म्हणाला की आज राहू दे, हे परतच येणार आहे, पाच मिनिटांचं काम. आई म्हणाली, "माज्या दारातनं गेलं ना? मंग रिकामं जानार नाय."

आता हे दोघं तिथे संध्याकाळपर्यंत उभे राहिले असते. आई मागे हटणारी नव्हती आणि भावाला तिच्या मनाविरुद्ध उडवायचं नव्हतं. चाचा आपले आभाळाकडे बघत होते. मी पुरचुंडी हातात घेऊन उभी होते, तिचं वजन तळहातावर तोलत. आणि एकदम माझ्या लक्षात आलं. मी भावाला म्हटलं, "अरे, ही पुरचुंडी मागे कशाला ठेवतोस? शिसं काढ आणि ही नाकात बांध."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग पुरचुंडीकडे. मग असा हसला, असा हसला, की मला तो लहान असताना चिंच चोरून आल्यावर हसायचा तेच आठवलं. पान्हे काढून त्याने इंजिनामागची पेटी उघडली, पट्ट्या काढल्या आणि त्या जागी पुरचुंडी तारेने आवळून बांधली. मी वरून दोन फेरे नाडीचे दिले, शिवणकामाची गाठ, सुटायची बात नाही. पुन्हा उचललं. शेपूट अजून जरासं खाली. आई आता जवळ येऊन बघत होती. काय कमी हाय, असं तिने विचारलं. भाऊ म्हणाला, थोडं वजन. आईने कमरेची चंची सोडली, त्यातून एक अख्खी सुपारी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. ती मी पुरचुंडीच्या गाठीत कोंबली. तरी किंचित. आईने दुसरी दिली, आणि यापुढं माझ्या पानाचं काय, असंही विचारून घेतलं.

या वेळी बोटांवर विमान आडवं राहिलं. नाक इवलंसं खाली, पडवीत होतं तसंच. चाचा म्हणाले, माशाल्ला.

पेट्रोलचं इंजिन पेटलं तेव्हा माझ्या हातात शेपूट थरथरत होतं आणि मी मनात सगळे देव गोळा केले होते. भावाने मान हलवली, मी सोडलं. ते रस्त्यावरून पळालं, शेपूट उचललं गेलं आणि पुढच्या क्षणी ते जमिनीवर नव्हतंच. सरळ वर गेलं. सव गावाच्या बाजूला वळलं, उन्हात शेपूट चमकलं. मी इस्त्री केलेलं शेपूट! भावाने आधी दोन साध्या फेऱ्या मारल्या, तोल बघितला. मग म्हणाला, ताई, एकदम सरळ चाललंय, हातही लावावा लागत नाही. मला रडू यायला लागलं आणि मी ते येऊ दिलं.

मग त्याने खेळ दाखवले. विमान उलटं झालं, उलटंच आमच्यासमोरून गेलं. वर चढत गेलं आणि मोठा गोल घेऊन खाली आलं. ते खाली यायला लागलं तेव्हा आईने माझा दंड धरला, तिची बोटं रुतली. जमिनीच्या वर बरंच अंतर असताना ते सावरलं आणि पुन्हा वर गेलं. दुसऱ्या वेळी तिने दंड धरला नाही. तिसऱ्या वेळी तिने तोंडाला पदर लावला, आणि मी बघितलं तर ती हसत होती. रस्त्याने जाणाऱ्या सायकली थांबल्या होत्या. गुराखी कुठून कुठून आले होते. त्यातल्या एकाने विचारलं, कुणाचं ओ विमान? आई म्हणाली, "माज्या पोराचं. आता येल परत."

ती हे इतक्या खात्रीने म्हणाली, की भावाच्या हाताला घाम फुटला, असं त्याने मला नंतर सांगितलं. उतरवणं सगळ्यात अवघड असतं. त्याने विमान लांबून वळवलं, इंजिन मंद केलं. ते रस्त्याच्या रेषेत आलं, खाली, आणखी खाली. चाकं डांबराला लागली, एकदा उसळी मारली. मग ते बसलं आणि सरळ आमच्याकडे धावत आलं, हळू होत होत आईपासून चार हातांवर थांबलं. भावाने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

आई पुढे गेली. विमानाच्या नाकापाशी उकिडवी बसली. भावाकडे वळून तिने हात पुढे केला, दर सुट्टीत चहाच्या आधी करते तसाच.

"आला ना? मंग माजं मला दे."

भावाने स्क्रू काढले. माझी गाठ सुटेना, ती दातांनी सोडवावी लागली. आईने पुरचुंडी पदरात घेतली, दोन सुपाऱ्या आधी चंचीत टाकल्या आणि टेम्पोत जाऊन बसली. दुपारी माझ्या स्वयंपाकघरात तिने स्वतः भात लावला, त्यात ते तांदूळ घातले. चाचांनाही जेवायला थांबवलं. भाताला पेट्रोलचा वास येत होता. तरी मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

सुट्टी संपून भाऊ गेला. विमान माझ्या पडवीत राहिलं, त्याच झोपाळ्याच्या कड्यांना. नंतर मी वाडीवर गेले होते तेव्हा आई अंगणात गोवऱ्या थापत होती आणि वरून विमान गेलं. तिने शेणाचे हात तसेच ठेवून मान वर केली. ते वरंधच्या डोंगरामागे जाईपर्यंत बघत राहिली.

"नेतंय मेलं," ती म्हणाली.

मी पुढच्या दोन शब्दांसाठी कान देऊन उभी होते. आई खाली वाकली आणि पुढची गोवरी थापायला लागली.